एकविसावी डुबकी

स्टामातियाचा उन्हाळा कॅलेंडरने नव्हे, डुबक्यांनी मोजला जायचा. एकवीस डुबक्या झाल्या की हिवाळाभर गुडघे कुरकुरत नाहीत, यावर बाईचा देवाइतकाच विश्वास. आकडा मात्र विषमच हवा. सम आला की सगळी मेहनत वाया!

सत्त्याहत्तर वर्षं ती बेटावरच राहिली. नवरा गेल्यापासून अंगावर तिथल्या विधवांसारखं सगळं काळं, पाण्यात उतरतानासुद्धा. डोक्यावर तेवढी गवती टोपी. जोडीला मैत्रीण कालिरोई. ती राहायची समुद्रापलीकडे, पिरेअस बंदराच्या शहरात, पण जूनमध्ये सुटीला बापाच्या घरी यायची आणि ऑगस्टअखेर बोटीने परतायची. आठवड्यातून दोनेकदा सकाळी आठला दोघी कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून तासभर गावाची उणीदुणी काढत. पोहणं आपलं नावाला.

यंदा पंधरा ऑगस्टला, देवमातेच्या सणाला, चर्चच्या अंगणात, भर पंगतीत कालिरोई म्हणाली, "माझ्या पंधरा झाल्या."

"चौदा! मंगळवारी तू नुसते पाय ओले केलेस. केस बिघडतील म्हणून!" स्टामातिया म्हणाली.

"पाय समुद्रातच होते ना?"

"मग मी फरशी पुसते तीही डुबकीच म्हणायची!"

पंगत खो खो हसली. कालिरोई ताट तसंच टाकून उठून गेली.

त्यानंतर एक किनाऱ्याच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला. माफी मागायची म्हटलं की स्टामातियाची जीभ टाळूला चिकटायची. नवरा गेला तेव्हा जानेवारीच्या वादळात बोटीत ओकत ओकत धावून आली होती ती हीच कालिरोई. हे आठवलं की बाईला स्वतःचाच राग यायचा. पण हट्टी म्हणजे किती हट्टी!

महिनाअखेरीला पाववाली म्हणाली, "कालिरोई आज दुपारच्या बोटीने निघालीय. मुलाने घर काढलंय विकायला. त्या घराच्या साठ पायऱ्या तिला चढवत नाहीत आता. परत कशाला येतेय ती?"

पाव तिथेच टाकून स्टामातिया धक्क्याकडे धावली.

कालिरोई बाकावर पिशवी कवटाळून बसली होती. बोट वळणावर दिसत होती.

"किती झाल्या?" स्टामातियाने धापा टाकत विचारलं.

"वीस. तुझ्या हिशेबाने."

"सम? आणि अशीच निघालीस? अक्कल गहाण टाकलीस का, बये?"

दुखऱ्या गुडघ्यांवर वाकून तिने कालिरोईच्या बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या.

"अगं, लोक बघतायत!"

"बघू देत मेले."

तिने स्वतःच्या चपला भिरकावल्या, मैत्रिणीचा हात धरला आणि होड्या ओढायच्या उतारावरून तिला खाली नेलं. घोट्याएवढ्या पाण्यात दोघी उभ्या राहिल्या.

"झाल्या एकवीस."

"पण नुसते पाय धरत नाहीत ना गं?"

"आजपासून धरतात. चुकलं माझं. भर पंगतीत नको होतं बोलायला."

कालिरोईने नाक पुसलं. "आणि तुझ्या किती?"

"मोजल्याच नाहीत यंदा."

"खोटारडी! काल एकवीस झाल्या. मी त्या टोकावरून मोजत होते. आता या बाविसावीने तुझी वाट लागली."

"मग? मला सम आकड्यावर टाकून कुठे चाललीस?" स्टामातियाने तिचा हात घट्ट आवळला. "पुढच्या वर्षी माझ्या घरी उतर. एक पायरी नाही तिथे."

बोटीचा भोंगा वाजला. कालिरोईने बूट काखोटीला मारले.

"जूनच्या पहिल्या बोटीने येते," ती म्हणाली. "तोवर गुडघे सांभाळ."