रद्दीत घातलेला तिसरा खंड

अन्याय झाला तो गोंडपिपरीच्या एका निवृत्त इंग्रजीच्या बाईंवर. यंदाच्या चौदा ऑगस्टला, दुपारी, जेवणं आटोपल्यावर. करणारे आम्ही. मी ज्या संघटनेची कार्यकर्ती आहे, तिचं पोंभुर्ण्याच्या बाजूला एका गावात वाचनालय आहे. तिथल्या फळीवर बाईंची चार जाड पुस्तकं होती. झेंडावंदनाच्या साफसफाईत ती रद्दीवाल्याच्या गाडीवर चढली. दान दिलेली नव्हती, वाचायला दिलेली होती.

पुस्तकं म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्या देशांचा इतिहास, चार खंडांत. लिहिणारा विलायतेचा पंतप्रधान, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. बाईंनी एकेक खंड जमवला. पहिला नागपूरच्या फुटपाथवर मिळाला. दुसरा बल्लारपूरला, खाणीतला एक साहेब बदली होऊन चालला होता त्याच्या घरच्या पसाऱ्यात. चौथा आधी आला आणि तिसरा सगळ्यात शेवटी. मधल्या वर्षांत त्या जिथे जातील तिथे तिसऱ्याची चौकशी करायच्या. भाचीच्या लग्नात वऱ्हाड्यांनाही विचारलं होतं म्हणतात. शाळेत पोरांनी त्यांना मागून "तिसरा खंड" असंच नाव ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं.

पुस्तक द्यायची त्यांची एक रीत होती. एका वेळी एकच खंड. तो वाचून झाला की त्यांच्या ओसरीवर बसून गोष्टीसारखा सांगायचा, तोही आपल्या बोलीत. मग पुढचा मिळणार. मी सांगायचे आणि त्या लाखोळीची डाळ निवडत ऐकायच्या.

"एक राजा होता बाई. लढाई हारला अन् एका गरिबाच्या झोपडीत लपला. घरवालीनं सांगतलं, भाकरीकडं लक्ष ठेव. त्यानं करपवली."

"मंग?"

"मंग काय, तिनं झाडला त्याले. तिले का माहीत राजा होय म्हून."

"माहीत असतं तरी झाडलाच असता. भाकर करपवली ना."

माझं इंग्रजी एखादं सरकारी पत्रक वाचण्यापुरतं. पहिला खंड वाचायला मला अख्खा हिवाळा लागला. बल्लारपूरच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहत वाचायचे, आणि वरून आमच्याच संघटनेच्या अंकाचं कव्हर घातलेलं असायचं. कोणी पाहिलं तर काय सांगणार? या माणसाच्या राज्यात बंगालात लोक अन्नाविना मेले. आपल्या लोकांबद्दल त्याच्या मनात काय होतं ते जगजाहीर आहे. आणि लिहितो असं की एकदा समोरून गाडी निघून गेली तरी मला कळलं नाही. मला लाज वाटायची. लाज वाटत असतानाही मी पान उलटायचे.

दुसरा खंडही सांगून झाला. मग मीच बाईंच्या मागे लागले की चारही खंड वाचनालयात ठेवू, पोरंही असंच सांगतील. त्या तयार नव्हत्या.

"चारही एकदम मी कोणाले देत नाई."

"माझ्या भरोशावर द्या."

"तू तं गावोगाव फिरते. फळीपाशी कोन बसन?"

"आमचे लोक आहेत ना बाई."

त्यांनी दिले. पिशवीत घालून बसस्टॉपपर्यंत स्वतः आणून दिले.

तिसरा मी वाचनालयातच वाचायला घेतला आणि बाईंकडे जाईन तेव्हा वाचलं तेवढं सांगू लागले. त्यात आपला देश येतो तो त्यांच्या माणसांनी जिंकलेला मुलूख म्हणून. माझं डोकं फिरलं. त्या रागात ऑगस्टचं पत्रक लिहिलं आणि त्यात टाकलं: ज्या पुस्तकात आपण माणसं नाही, नुसता मुलूख आहोत, ते आपल्या फळीवर कशाला? लोकांना ते वाक्य फार आवडलं. मलाही आवडलं होतं.

आमच्याकडे शिस्त आहे. पत्रक बैठकीत मोठ्यानं वाचायचं आणि त्यातलं एक तरी काम त्याच दिवशी करायचं, नाहीतर पत्रक छापून उपयोग काय. चौदा तारखेला मी बांबूच्या प्रश्नावर गडचिरोलीकडे ग्रामसभेला गेले होते. मागे बैठक झाली, पत्रक वाचलं, आणि काम शोधायला कोणाला लांब जावं लागलं नाही.

पंधराला सकाळी आले. फळी ओल्या फडक्यानं पुसून लख्ख केलेली, तिच्यावर झेंडूची माळ.

"इथचे जाडे पुस्तकं कुठी गेले?"

"देल्ले रद्दीत." वाचनालय सांभाळणारा आमचा कार्यकर्ता होता. चेहऱ्यावर शाबासकीची वाट. "तुमच्या पत्रकातलं काम केलं ना ताई."

"कोणाची होती माहीत आहे?"

"कोनाचे का असनात. गुलामीचेच होते ना? तुमीच तं लिवलं."

"उघडून पाहिलं होतं एखादं?"

"इंग्रजी होतं जी. पाहून काय करू?"

झेंडावंदन झालं, मी भाषणही केलं. ज्या खंडात अमेरिकेची माणसं राजाचा कर नाकारतात आणि त्याचं राज्य झुगारतात, तोच आम्ही स्वातंत्र्यदिनासाठी जागा स्वच्छ करायला फेकला होता. हे भाषणात म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी बल्लारपूरला रद्दीच्या गोदामात गेले. मालक मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा. त्यांच्याकडे जाड पुस्तक आलं की आधी पुठ्ठा सोलतात. पुठ्ठ्याचा ढीग वेगळा, कागदाचा वेगळा, कारण दोन्हीचे भाव वेगळे. पहिला आणि चौथा अजून सोलायचे राहिले होते. दुसऱ्याची पानं सुतळीनं बांधलेली सापडली, पुठ्ठा गेलेला.

"और तिसरा?"

"लाल वाला? वो तो एक गाहक ले गया बेटा, कल ही. शोकेस में रखनेकू."

"कोण होता?"

"चार चक्केवाला था. बोला, चारों साबुत होते तो चारों लेता, हॉल में जमते." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचेच लोक बेचून गेले ना? मंग आता काऊन ढूंढून राह्यली?"

मी पैसे मोजले आणि सापडलं तेवढं पिशवीत भरलं.

गोंडपिपरीला अडीच खंड घेऊन गेले. ओसरीवर सगळं सांगितलं, पत्रकातलं वाक्यसुद्धा. बाईंनी दुसऱ्याची सोललेली पाठ बोटानं चाचपली. मी माफी मागितली.

"माफी मले नको. मले तिसरा पाह्यजे."

"हो बाई."

"ते वाक्य तुले सुचलं कशावरून? तिसरा वाचला म्हून सुचलं ना? गावच्या पोरांले आता कशावरून सुचन?"

मी दुसऱ्याची सैल झालेली सुतळी आवळून बांधली.

"अन् तू गोष्ट अर्धी ठेवली. कर भरत नाई म्हनले, पेटीतला चहा समुद्रात फेकला, इथवर सांगतलं होतं. पुढं?"

शेवट ऐकून ठाऊक होता, पण पुस्तकातलं पुढचं मी वाचलेलंच नव्हतं. त्यांनी ते कधीकाळी वाचलं असणार, पण मला त्यांनी सांगितलं नाही. पहिला, सुतळीतला दुसरा आणि चौथा आत नेऊन ठेवले, चौथ्याच्या आधी एक हात मावेल एवढी जागा सोडून. जाताना चहा विचारला नाही. त्या घरातून चहाशिवाय मी कधी उठले नव्हते.

त्यानंतर मी पत्रक लिहिलेलं नाही. हे लिहिते आहे ते तुमच्यासाठी. चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, जिथे असाल तिथे उठा आणि तुमच्या हॉलमधल्या शोकेसची काच सरकवा. लाल कापडी बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं, मागच्या पुठ्ठ्याला आतून बाईंच्या अंगठ्याचा हळदीचा ठसा. तोच तिसरा खंड. तो बाईंचा आहे. गोंडपिपरीत इंग्रजीच्या बाईंचं घर कोणीही दाखवेल. माझ्याकडे किंवा संघटनेकडे देऊ नका, त्यांच्या हातात द्या. आणि नेण्याआधी वाचून काढा. ओसरीवर बसलात की त्या पुढं काय झालं ते विचारतील, आणि तुम्हाला ते आपल्या बोलीत सांगावं लागेल.