दुपट्ट्याखालचा भाव

"आबा, हात द्या," हे प्रज्ञाचं माझ्याशी पहिलं बोलणं. राम राम नाही, जय भीम नाही, तब्येत कशी आहे नाही. अंगणात आली, माझ्या बाजेच्या कडेला टेकली, माझ्याच खांद्यावरचा दुपट्टा ओढला आणि स्वतःच्या हातावर टाकला. उभ्या जन्मात त्या दुपट्ट्याखाली बाईचा हात गेला नव्हता.

मी बैलांचा दलाल. अमडापूर, चिखली, इकडचे सगळे बाजार केले. आमच्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. दुपट्ट्याखाली गिऱ्हाइकाचा हात धरायचा आणि बोटं दाबायची; जितकी बोटं, तितका आकडा. भोवती गाव उभं असलं तरी आकडा दोघांतच राहतो.

"तुले कायले पाह्यजे हे? बैल घ्याचा हाय काय?" मी विचारलं.

"नाही. खेळ बनवून राह्यली मी. कंप्युटरवरचा. बैलबाजाराचा."

प्रज्ञा म्हणजे शेजारच्या भास्कर गुरुजींची मुलगी. पुण्याला शिकली, तिथेच कंप्युटरच्या कंपनीत लागली, आणि एक दिवस नोकरी सोडून हा खेळ बनवायला घरी आली. घर गुरुजींच्या पेन्शनवर. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण चालती नोकरी सोडू नये एवढं मला कळतं. तेही मी तिला तोंडावर सांगितलं.

"सांगितलं ना? झालं? आता बोटं सांगा," ती म्हणाली.

शिकली मात्र अशी की मलाच राग यायला लागला. हातापेक्षा तिचं लक्ष तोंडाकडे. चार दिवसांत म्हणाली, "आबा, भाव फुगवता तवा तुमी खाली पाह्यता." अख्ख्या बाजाराला कधी हे दिसलं नव्हतं. मी म्हटलं, खोटं आहे. आजही तेच म्हणतो.

खेळ तयार होत आला तेव्हा तिने मला दाखवला. बाजार, धूळ, शेंगदाणेवाला, सगळं होतं. समोर एक हेडा, म्हणजे बैलांचा व्यापारी, येतो, दुपट्ट्याखाली बोटं दाबतो, आपण त्याच्या चेहऱ्यावरून ठरवायचं की अजून चढेल की उठून जाईल. खिल्लारी बैलाची शिंगं तिने चुकीची काढली होती. मी तोंड वाकडं केलं. तिने पुढचा सगळा आठवडा शिंगं काढण्यात घालवला. कोणी म्हणालं, शिंगं कोण पाहतं, तर म्हणायची, "मी पाह्यते ना."

हा खेळ विकायचा होता एका परदेशी दुकानात. त्या दुकानाला शटर नाही, गल्ला नाही, सगळं कंप्युटरवर. तिथे जगभरचे खेळ मांडलेले असतात, आणि दर विक्रीमागे दुकान आपला वाटा कापून घेतं. तो वाटा ऐकून मी म्हटलं, एवढी दलाली मी मागितली असती तर बाजाराने मला चपलेने हाणलं असतं. वर नियम असा की माल नेला, दोन तासांच्या आत नाही आवडला, तर गिऱ्हाईक परत करू शकतं. म्हणजे बैल नेला, नांगराला जुंपून पाहिला आणि आणून बांधला!

भाव तिने ठेवला साडेचारशे रुपये. आणि अमेरिकेत त्याच्या तिप्पट-चौपट.

"एकाच मालाचे दोन भाव? बेइमानी हाय ही," मी म्हणालो.

"आन तुमी? शेटले एक बोट जास्त, गरिबाले एक कमी, हे काय होतं?"

"ते दुपट्ट्याखाली होतं."

"म्या उघड्यावर केलं. एवढाच फरक."

गुरुजींना मात्र साडेचारशेचाच धसका. "अवं, आपले पोट्टे फुकटचे गेम खेळतात. कोन देईन तुले साडेचारशे? नव्व्याण्णव ठेव." ती ऐकायची नाही. तिचं एक बोलणं ठरलेलं होतं, "स्वस्त हाय म्हनून घेते तो अर्ध्यात टाकते. आवडलं म्हनून घेते तो चार जनायले सांगते."

दुकानात खेळ गुरुवारी संध्याकाळी उघडणार होता. बुधवारी दुपारी गुरुजींच्या दारात पुण्याची गाडी उभी राहिली. खेळ विकणाऱ्या एका कंपनीचा माणूस. चांगला बोलणारा, बूट बाहेर काढून आत आलेला. खेळाचा थोडासा नमुना प्रज्ञाने दुकानात फुकट ठेवला होता, तो खेळून हा माणूस आला होता. त्याला अख्खा खेळ विकत हवा होता. एकरकमी. मग तो लोकांना फुकट द्यायचा आणि मधे मधे जाहिराती दाखवायच्या. पुढे खेळावर नाव कंपनीचं. सही मात्र आजच हवी, उद्या खेळ उघडला की बोलणं संपलं. गुरुजींनी मला बोलावून घेतलं. "आबाजी, तुमी जानते मानूस. बसा इथं."

तो आकडा सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात प्रज्ञा म्हणाली, "थांबा. खेळ खेळलात ना माझा? मग हात द्या." आणि माझ्याकडे वळून, "आबा, दुपट्टा."

तो हसला. आधी त्याला गंमत वाटली.

"एक बोट म्हणजे लाख," ती म्हणाली. गुरुजींनी हातातली कपबशी खाली ठेवली.

मी जन्मभर सौदे पाहिले, पण असा पाहिला नाही. त्याने बोटं धरली. तिने मान हलवली. त्याने पुन्हा धरली. ती त्याच्या डोळ्यांत पाहत होती, पापणी हलत नव्हती. आता त्याचं हसू गेलं. दुपट्टा मधे नुसता हलत होता. गुरुजी पुढे वाकून त्या कापडाकडे असे पाहत होते, जसं काही पाहून पाहून ते आरपार दिसेल. तिसऱ्या वेळी त्याने हात बराच वेळ धरून ठेवला. तिचा गळा हलला, तेवढा मला दिसला. मग तिने पुन्हा मान हलवली, तसा तो एकदम म्हणाला, "मॅडम, हे पैशांचं नाहीये म्हणजे."

"नाव माझं राह्यलं पाह्यजे, आन जाहिराती नाही. मग हाच आकडा चालते."

"ते होणार नाही."

तिने हात काढून घेतला. तो पाणी प्यायला. जाताना अंगणात त्याने माझा फोन नंबर मागून घेतला.

गाडी वळली आणि गुरुजी भडकले. "किती म्हनला तो?"

"पप्पा, सौदा मोडला. मोडल्या सौद्याचा आकडा सांगत नसतात."

"मी बाप हाय तुहा!"

"हाव. म्हनूनच नाही सांगत."

"आबाजी, तुमी तरी सांगा तिले!"

काय सांगणार? रिवाज माझाच. मोडलेला आकडा तोंडातून निघाला की पुढचं गिऱ्हाईक तिथूनच मोजायला लागतं, आणि घरचा माणूस जन्मभर मोजत बसतो. मी दुपट्टा घेतला आणि घरी आलो.

गुरुवारी खेळ उघडला. पहिला तास गेला, चार-दोन जणांनी घेतला. त्यातल्या एकाने परत केला. कोणी लिहिलं, महाग आहे. गुरुजी दारातून येरझाऱ्या घालत होते. "उतरव भाव. अजून वेळ हाय." माझाही धीर सुटला. मी म्हटलं, "पोरी, बोहनीच्या वक्ताले थोडं खाली येतेच मानूस."

ती वळली. "आबा, ज्यायनं आता पूरे पैसे देल्ले, त्यायले उद्या काय तोंड दाखवू? मूर्ख होते म्हनू?"

भाव उतरला नाही. खेळ एका रात्रीत उडाला नाही, आपटलाही नाही. शेणाच्या गोवऱ्या विस्तव धरतात तसा हळूहळू धरत गेला. पुढे सणासुदीला तिने स्वतःच्या मनाने आठवडाभर सूट दिली, पुन्हा भाव जागेवर नेला. नोकरीएवढं मिळालं नाही. दुसरा खेळ करता येईल एवढं मिळालं. त्यासाठी ती नागपूरला गेली. जाताना मला म्हणाली, "आबा, बाजार बंद पडला तरी हात मऊ नका पडू देऊ."

गुरुजी तिच्याशी बोलायला लागले आहेत, पण तो न कळलेला आकडा त्यांना अजून खातो.

ती गेल्यावर महिन्याभराने पुण्याच्या त्या माणसाचा फोन आला. "आजोबा, मॅडमना समजवा. आमची ऑफर अजून तीच आहे." मी नाही नाही म्हणेपर्यंत तो आकडा तोंडाने बोलून गेला. मी फोन ठेवला आणि बाजेवर बसलो. जेवणाला हाक आली, तरी बराच वेळ उठलो नाही. त्या दिवशी तिचा गळा का हलला, ते मला कळलं. एवढं ओझं घेऊन ती दुसऱ्या दिवशी बापाच्या शिव्या खात, साडेचारशेच्या एकेका गिऱ्हाइकाची वाट पाहत बसली होती.

गुरुजी रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसतात. काल पुन्हा विषय काढला. "आबाजी, तो मानूस तुमचा नंबर घेऊन गेल्ता. तुमाले मालूम हाय. एवढंच सांगा, लय होता का कमी?"

"हात तिचा होता, गुरुजी. तिलेच विचारा."

गुरुजी उठले, चप्पल पायात घातली. मग म्हणाले, "तिले विचाराची हिंमत असती, तं तुमच्याकडं कायले आलो असतो?"