यवतमाळला, देवरावांच्या पोटात

पुण्याहून नागपूरला आलो आणि तिथून सकाळच्या बसने निघालो तेव्हा मांडीवर खोका होता. त्यात डोळ्यांवर बांधायचा व्हीआरचा चष्मा. स्कॅनची सपाट, काळीपांढरी चित्रं त्यात घातली की आतला अवयव खोलीएवढा होऊन समोर उभा राहतो आणि डॉक्टरला त्यात शिरून बघता येतं. तो बसवून द्यायला मी यवतमाळला चाललो होतो. बाहेर कापूस फुटला होता. चष्म्याच्या काळजीने मला मात्र झोप नव्हती.

कळंबला तर्री पोहे (वर लालभडक रस्सा ओतलेले) खाल्ले आणि निम्मी तर्री शर्टावर घेतली. "कायले पुसता साहेब, अजून पसरून राह्यली," हॉटेलवाला म्हणाला. तो बरोबर होता.

रुग्णालयात सर्जन वाटच पाहत होते. पांढरकवड्याला हायवेवर टायर पंक्चर काढणारे देवराव बाहेर बाकावर बसले होते. त्यांच्या यकृतात गाठ होती. स्कॅनमध्ये ती मोठ्या रक्तवाहिनीला चिकटल्यासारखी दिसत होती. "चिकटली असेल तर मी हात लावणार नाही," सर्जन म्हणाले.

चष्मा बांधून ते यकृतात शिरले, वाकले, गुडघा कपाटावर आपटून घेतला आणि तसेच थांबले. "फट आहे. बारीक आहे, पण आहे."

मला हायसं वाटलं. देवरावांच्या बायकोला, सुमनबाईंना, वाटलं नाही. "पयल्या डॉक्टरनं नाही म्हटलं, तुमी हो म्हनता. मी कोनाचं आयकू?"

सर्जनने चष्मा त्यांच्यापुढे धरला. त्या आधी दाराबाहेर गेल्या आणि चपला काढून आल्या.

"चपला कशाला?" मी विचारलं.

"यायच्या पोटात जाऊन राह्यली न मी."

चष्मा लागल्यावर त्यांचं पाऊल उचलेना. "पाय पडला तं दुखन काय त्यायले?"

"नाही दुखत वं," बाहेरून देवराव ओरडले, "चाल तू!"

त्या चवड्यांवर चालत गेल्या. गाठ आणि वाहिनी यांच्यामधल्या पोकळीत त्यांनी हवेतच बोट घातलं, बराच वेळ ठेवलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "करा मंग."

दुसऱ्या दिवशी ऑपरेशनआधी सर्जनना पुन्हा एकदा आत जायचं होतं. मी पोचलो तेव्हा दाराबाहेर त्यांचे बूट होते.

संध्याकाळी परतीच्या बसमध्ये वर्ध्याच्या अलीकडे सर्जनचा फोन आला. गाठ पूर्ण निघाली होती, देवराव शुद्धीवर होते. मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले. इतकी वर्षं मी चष्मे बसवतोय. चित्र किती स्वच्छ दिसतं एवढंच सगळे विचारतात आणि मीही तेवढंच सांगत आलो.

पुण्यात परतल्यावर पहिल्याच रुग्णालयात मी डॉक्टरांना बूट काढायला सांगितलं.

"का? खाली वायर आहेत?"

"नाही," मी म्हणालो, "माणूस आहे."