तीन कुलपांचा कॉम्प्युटर

दिनांक २३ नोव्हेंबर, रविवार. वेळ दुपारी दोन. स्थळ लाखनी, आमची बैठकीची खोली. हजर: मी, माझे यजमान, मामाजी, म्हणजे माझे सासरे, वय अठ्ठ्याहत्तर, आणि फोनच्या स्पीकरवर पुण्याहून आमची मुलगी पल्लवी. विषय: घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर खेळांसाठी बनवलेली नवीन लिनक्स प्रणाली बसवून पाहणे. उपस्थिती पूर्ण होती. अक्कल किती हजर होती याची नोंद त्या वेळी घेतली नाही, ती आता घेते.

मी अकरा वर्षं महिला बचत गटाची सचिव आहे. इतिवृत्त लिहिल्याशिवाय मी चहासुद्धा करत नाही, असं घरात म्हणतात. (हे खोटं आहे. चहाची फक्त यादी असते.)

आता खेळ कशाला, तर पल्लवीसाठी. नोकरीला पुण्याला गेल्यापासून तिचा फोन चाळीस सेकंदांत संपतो. जेवलीस का, जेवले, तब्येत बरी, ठेवते. पण मागच्या वर्षी दिवाळीत आली तेव्हा तिने कॉम्प्युटरवर एक शेतीचा खेळ टाकून दिला. त्यात तिकडून ती आणि इकडून आम्ही, सगळे मिळून एकच शेत करायचो. दर रविवारी चार वाजता. तिथे वांग्यांना पाणी देता देता पोरगी दोन-दोन तास बोलायची. ऑफिस, मैत्रिणी, साहेब, सगळं. मामाजी मागे खुर्ची टाकून बसायचे आणि विचारायचे, "यात धान काहून नाई? बिनधानाचं कायचं वावर?"

मग वर्षभरात कॉम्प्युटर थकला. जुनी प्रणाली इतकी जड झाली की शेत उघडेचना. पाच रविवार शेत बंद, आणि फोन पुन्हा चाळीस सेकंदांवर. शेवटी पल्लवीच म्हणाली, "आई, खेळांसाठी एक नवीन लिनक्स आली आहे. फुकट आहे, हलकी आहे. तासाभराचं काम."

मी चौदा मुद्द्यांची यादी केली आणि भिंतीला चिकटवली. खरं सांगते, आठ मुद्दे लोण्यासारखे गेले. पेन ड्राइव्ह लागला, पडदा निळा झाला, आमचे गाव कुठल्या टाइम झोनमध्ये येते तेसुद्धा त्याला कळलं. मुद्दा नऊ आला: पासवर्ड.

"काहीही टाक गं, सोपा," पल्लवी म्हणाली.

"थांब," मी म्हणाले. "आधी ठराव."

इथे मागचं सांगायला हवं. यजमानांनी खेळातली आमची गाय चांदणी कोणाला न विचारता विकली होती. विकून कुंपण घेतलं. पल्लवी आठवडाभर बापाशी बोलली नव्हती. त्यावर यजमानांचा खुलासा असा, की "मी कुठं विकली? ते बटन दाबल्या गेलं." त्यानंतर त्यांनी ट्रक चालवण्याचा एक भलामोठा खेळ उतरवून घेतला, आणि त्याच्या वजनाखाली शेत चेंगरलं. (दारासमोरून रात्रंदिवस ट्रक जातात. त्यातून माणसाचं मन भरू नये?)

तेव्हा मी बचत गटाची पद्धत लावायचं ठरवलं. आमच्या गटाच्या पेटीला तीन कुलपं आहेत आणि तीन किल्ल्या तीन बायकांकडे. तिघी जमल्याशिवाय पेटी उघडत नाही. अकरा वर्षांत एक तक्रार नाही. तसाच पासवर्डही तीन तुकड्यांचा करायचा. पहिला तुकडा माझा, दुसरा यजमानांचा, तिसरा मामाजींचा. एकजण टाकत असताना बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. आपला तुकडा कोणाला सांगायचा नाही आणि कुठेही लिहायचा नाही.

"आई, हा कॉम्प्युटर आहे. पेटी नाही," फोन म्हणाला.

"गाय विकली गेली तेव्हा काय होता?" मी विचारलं.

मी टाकलं, उठले. यजमानांनी टाकलं, उठले. मामाजी बसले, चष्मा लावला, एका बोटाने टाकलं. पासवर्ड दोनदा टाकावा लागतो म्हणून पुन्हा तोच फेरा. दोन्ही वेळा जुळला. पडद्यावर अक्षरांऐवजी ठिपके दिसत होते. ते मी मोजले आणि वहीत लिहिलं: ठिपके एकोणीस. बाकी मुद्दे भराभर झाले, कॉम्प्युटर बंद होऊन नव्या रूपात चालू झाला आणि त्याने नम्रपणे पासवर्ड विचारला. घड्याळात साडेतीन. मी पल्लवीला सांगितलं, चारला वावरात भेटू.

पहिल्या वेळी यजमानांनी आपला तुकडा टाकून सवयीने एंटर मारला. मामाजींचा नंबर यायच्या आतच चूक.

"मोबाइलवर असंच करतो न मी," ते म्हणाले.

दुसऱ्या वेळी मामाजींनी खुर्चीवर बसताना कीबोर्डचा आधार घेतला, त्यात काय काय दाबलं गेलं देव जाणे. तिसऱ्या वेळी सगळं नीट. तरी चूक. आणि कॉम्प्युटरने दहा मिनिटांसाठी दार लावून घेतलं. तीनदा चुकलं की तो दहा मिनिटं कोणाचं ऐकत नाही, असं पल्लवीने सांगितलं.

"कोन चुकलं?" मामाजींनी विचारलं.

मी दोघांकडे पाहिलं. एक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, एका बोटाने टाकणारे. दुसरे गाय विकणारे. माझा संशय कुठे गेला ते लिहायची गरज नाही.

"शेवटच्या वेळी ठिपके मी मोजले," मी वही उघडून म्हणाले. "अठराच होते. कोणीतरी एक अक्षर खाल्लं. आपापल्या अक्षरांची संख्या सांगा. अक्षरं नको, फक्त संख्या."

"माह्ये चार," मामाजी म्हणाले. "एकचा आकडा चार वेळा. एक बोट, एक बटन. चुकाले जागाच नाई ठेवली."

"मामाजी, सांगायचं नव्हतं."

"सांगून टाकलं आता. मले नाई झेपत हे लपवालपवी."

यजमान खिडकीकडे पाहत म्हणाले, "माझे सात."

"कोणते सात?" फोनमधून पल्लवी.

"सांगायचं नसते ना."

"बाबा."

"चांदणी," ते म्हणाले. "इंग्रजीत."

मग पल्लवी म्हणाली, "बरं." एवढंच, पण बापाचा चेहरा सैल झाला. मी मात्र वहीत हिशेब मांडत होते. चार आणि सात अकरा. एकोणिसातून अकरा गेले, उरले आठ. माझे आठ हवेत. आणि माझा तुकडा होता लाखनी, इंग्रजीत. बोटांवर मोजला. सात. पुन्हा मोजला. सातच.

"सूनबाई," मामाजी हळूच म्हणाले, "वही तं तुह्यीच हाये न?"

माझीच होती. अक्षरही माझंच, खाली सहीसुद्धा.

मी तर्क केला की सुरक्षेसाठी शेवटी एखादं चिन्ह टाकलं असणार. कोणतं, ते आठवेना, आणि लिहायला मीच बंदी केलेली. मग कीबोर्डवरच्या बत्तीस चिन्हांची यादी केली. दर दहा मिनिटांनी तीन चिन्हं. गुपित फुटलं होतं तरी तुकडा ज्याचा त्यानेच टाकायचा, कारण ठराव रद्द करायला वेगळा ठराव लागतो. तिघं उठून बसून घामाघूम. चार वाजले, साडेचार वाजले.

पल्लवीने फोन ठेवला नाही. दहा-दहा मिनिटं नुसतं करायचं काय? तिने सांगितलं, खोली बदलली आहे, आता खिडकीतून झाड दिसतं. नवीन साहेब सभेत झोपतो. मागच्या महिन्यात अक्कलदाढ काढली, दोन दिवस ताप होता, तुम्ही घाबराल म्हणून बोलले नाही.

"अक्कलदाढ काढली म्हनून तं हे लिनक्स सुचलं," मामाजी म्हणाले, आणि पल्लवी इतकी हसली की फोनचा आवाज फाटला. मी हसले नाही. मी अठरावं चिन्ह खोडत होते. (तापाचं मात्र वहीच्या कडेला लिहून ठेवलं. पुढच्या वेळी गोळ्या पाठवायच्या.)

एकविसावं चिन्ह चुकलं तेव्हा मामाजी कीबोर्डवर वाकले. "सूनबाई, हे सर्वांत लांब बटन तुह्या यादीत काहून नाई?"

"ती स्पेस आहे, मामाजी. रिकामी जागा. तिच्याने काही उमटत नाही."

"ठिपका तं उमटत असन न?"

मी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. अकरा वर्षं मी गटाची नोंद मोबाइलवर टाइप करते. शब्द संपला की माझा अंगठा आपोआप स्पेस दाबतो; नंतर एकेक अक्षर जपून टाकायला लागले तेव्हाच तो थांबला. रिकाम्या जागेचा आठवा ठिपका! दहा मिनिटं संपताच मी लाखनी टाकलं आणि नंतर स्पेस. यजमानांनी चांदणी टाकली. मामाजींनी चार वेळा एक. दार उघडलं आणि सुंदर, नवाकोरा पडदा आला. सव्वासहा वाजले होते, आणि आता खेळ उतरवायला अजून दोन तास लागतील असं पडदा म्हणत होता.

"आई, माझा डबा आला," पल्लवी म्हणाली. "पुढच्या रविवारी करू. मजा आली गं आज." फोन चालू होता चार तास पंधरा मिनिटं. ही नोंद मी दोनदा तपासली.

त्यानंतर तीन रविवार गेले. दर वेळी चार वाजता तिचा फोन येतो, "झालं का बसवून?" आणि त्या एका प्रश्नावरून दीड तास निघतो. प्रणाली उत्तम चालते आहे, हलकी आहे, पंख्याचा आवाजही येत नाही. फक्त खेळ उतरवलेला नाही. कारण तिन्ही तुकडे सभेत उघड झाल्यामुळे नियमाप्रमाणे पासवर्ड आधी बदलावा लागेल. जुना एकदा आणि नवा दोनदा, तिघांनी आपापला, म्हणजे खुर्चीवरून नऊ वेळा उठबस. गुडघ्यांचं कारण देऊन मामाजींनी मुदत मागितली, आणि ती मी ताबडतोब मंजूर केली. माझा नवा तुकडा मी मंगळवारीच ठरवला होता. नियमाप्रमाणे कुठे लिहिला नाही. आज शुक्रवार, आणि तो काय होता ते मला आठवत नाही.