दादानं सोडलेला हात

लकवा मारल्यापासून दादाला मीच चालवते. अकोल्याच्या घरात त्याचे दोन्ही हात धरून मी उलटी चालते आणि तो माझ्याकडे बघत पाय ओढतो. काल तो चिडला. "सोड हात. मले नाई जमत."

आणि मला अमरावतीच्या रिंकचं तापलेलं सिमेंट आठवलं, चाकांच्या रबराचा वास आठवला. आम्ही बहीणभाऊ तिथे स्केट्सवर जोडीनं नाचायचो. पुढे बर्फावरच्या नृत्यस्पर्धेसाठी निवड व्हायची होती. आम्हाला शिकवणारे सर बाबांना म्हणाले, "पोरगी निवडल्या जाईन, पोरगा नाही. तिच्यासाठी दुसरा जोडीदार पाहू."

"परक्या पोराचा हात धरून नाचन काय आमची पोरगी?" बाबा उसळले.

दादानं सगळं ऐकलं आणि तेव्हाच माझा हात सोडला. "मले नाई जमत," म्हणत स्केट्स उतरवले, ते कायमचे. माझा खेळ तिथेच संपला. पुढे कित्येक वर्षं मी त्याच्यावर धुमसत राहिले.

माझा हात दुसऱ्या कुणी धरावा, म्हणून त्यानं तो सोडला होता. बाबांनी तो कुणालाच धरू दिला नाही.

हे मला काल कळलं, तेच शब्द तो पुन्हा म्हणाला तेव्हा; या वेळी त्याच्या बोटांत धरायचं बळ खरंच उरलं नव्हतं.