कस्तुराबाईनं न घेतलेलं नाव

चंद्रभान आणि त्याची बायको धुरपताबाई भांडत होती, आणि कस्तुराबाई त्यांच्याच कुडाआड उभी राहून ऐकत होती. कमरेवर पखवाज, डोक्यावर पदर. पाय काही हलेनात.

"शिकवायलाव खरं," धुरपताबाई म्हणत होती, "पण चारचौघात तुमचं नाव घेईल का ती?"

"घेईल की. न घ्यायला काय झालं?"

"कप येगळा, पाणी वरून, अन् नाव तेवढं पंगतीला बसवणार व्हय?"

"गप ग. लय साफ हात हाय बाईचा."

"हाताचं कोण म्हनतंय? मी तोंडाचं म्हनायले."

कस्तुराबाई खोटंखोटं खोकून पुढं झाली, जशी काही आत्ताच आली. मनात मात्र म्हणाली, घेईन की नाव. मी काय इतकी हलकी हाय?

चंद्रभान पालमच्या अंगाला, गावकुसाबाहेर राहायचा. आसपासच्या पाचसहा गावांच्या देवळातल्या पखवाजांना चामडं चढवायचं काम त्याचं. चामडं चढवलं की वाजवून पाहावं लागतं, सुरात आणावं लागतं. असं वाजवून पाहता पाहता सगळे ठेके त्याच्या बोटांत उतरले होते. पण काम झालं की पखवाज देवळाच्या खालच्या पायरीवर ठेवून तो माघारी फिरायचा. मग कुणीतरी पाणी शिंपडून पखवाज आत न्यायचं. आतल्या भजनाला त्यानंच सुरात लावलेला पखवाज वाजायचा आणि तो लिंबाखाली बसून ऐकायचा.

बायकांनी भजनी मंडळ काढलं तेव्हा साथीला एक गडी मिळेना. गावातल्या सगळ्या वादकांच्या मनगटात एकाच साली कळ आली म्हणा ना. तेव्हा कस्तुराबाई म्हणाली, मीच शिकते. तिचे मालक दिनकरराव हसले. "शीक. पण पखवाजच वाजव. मला मोप वाजवलंस."

दुपारी खळ्यावर शिकवणी चालायची. चंद्रभान वयानं तिच्या बापाएवढा, तरी ती त्याला अरे-तुरे करायची. रीतच तशी होती आणि त्यात काही वावगं आहे असं तेव्हा तिला वाटत नव्हतं. तो खळ्याच्या कडेपलीकडं बसायचा. तिच्या हाताला त्याचा हात लागून चालायचं नाही, म्हणून तो आपल्याच मांडीवर वाजवून दाखवायचा. तिच्यापुढं वाजवायला पहिले तीन महिने ज्वारीचं अर्धं पोतं.

"मारू नगा बाई, सोडा. तव्याला बोट लागल्यावर हात कसा उचलता? तसा उचला. दाबून धरलं तर आवाज आतल्या आत मरतोय."

खरा पखवाज पुढ्यात आला त्या दिवशी घरात गहू नव्हते. डाव्या तोंडाला कणीक लावायची, तर हिनं ज्वारीचं पीठ मळून थापलं. चार ठेक्यांत ते तडकलं आणि धपकन मांडीवर पडलं. चंद्रभान डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. "बाई, ही भाकर तव्यावर टाका!"

एक गोष्ट मात्र तो हसत हसत सांगायचा नाही. "ज्यानं हात दिला त्याचं नाव घेताना कानाच्या पाळीला बोट लावावं. माझ्या बापानं लावलं, मी बी लावतो."

त्र्याऐंशी साली गंगाखेडला भजनाची स्पर्धा होती. विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा गावोगाव मनं फाटलेली. कोण कुणाच्या ओट्यावर बसलं, याचीसुद्धा चर्चा व्हायची. चंद्रभान बायकांच्याच एसटीनं आला, मागच्या सीटवर, पिशवीत हातोडी आणि जादा चामड्याची वादी घेऊन. वाजवताना वादी तुटली तर?

तुटली नाही. हात असा चालला की परीक्षक बुवा उठून पुढं आले. "माउली, हा हात कुणाचा? गुरू कोण तुमचे?"

पहिल्या ओळीत दिनकररावांचे भाऊबंद आणि त्यांच्या मधोमध थोरले आबासाहेब, मिशीवर हात ठेवून. चंद्रभान मांडवाच्या दोरीपाशी उभा होता. त्यानं मान जराशी वर केली.

"माहेरचे चुलते," कस्तुराबाई म्हणाली. "वालूरचे."

आणि बोट आपसूक कानाच्या पाळीला गेलं. त्या चुलत्यानं जन्मात ताटावरसुद्धा ठेका धरला नव्हता.

टाळ्या पडल्या. चंद्रभान खाली वाकून पिशवीचं तोंड बांधत बसला. ते काही केल्या बांधून होईना.

परतीच्या एसटीतून उतरताना तो एवढंच म्हणाला, "उन्हानं सूर चढला व्हता, बाई. मी आधी बगाया पायजे व्हतं."

म्हणजे तिची चूक त्यानं आपल्याच पदरात घेतली. कस्तुराबाईला वाटलं, एसटीची पायरी सरकावी आणि आपण तिथंच गडप व्हावं.

पुढं सात वर्षं तो दर एकादशीला पखवाज सुरात लावायला येत राहिला. दर वेळी ती ठरवायची, आज बोलते. एकदा त्याला घरातल्या कपात चहा दिला. त्यानं तो मुकाट्यानं पिऊन, विसळून, कप गोठ्यातल्या कोनाड्यात, आपल्या वेगळ्या कपाशेजारी पालथा घातला. एका दिवाळीला तिनं धोतरजोडी दिली, तीही त्यानं घेतली. धोतर देणं सोपं असतं. धुरपताबाई वाटेत भेटली की नुसतं म्हणायची, "बरं हाय का बाई?" त्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर कस्तुराबाईला दोन घास जास्त गोड लागले असते.

नव्वद साली चंद्रभान गेला. चार दिवसांचा ताप, बस. त्याच्या आधीच्या एकादशीला तो आला होता तो नेहमीसारखाच. ओट्याखाली बसला, पखवाज गुडघ्यांत धरला, वादीखालचा एकेक लाकडी गठ्ठा ठोकत गोल फिरवत गेला. कस्तुराबाई चौकटीला धरून उभी. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"चंद्रभान."

"जी?"

"मी त्या दिवशी गंगाखेडला..."

हातोडी थांबली. तो वर बघेना.

"लागला का सूर?" ती म्हणाली.

"लागायलाय. जरा दम धरा."

त्यानं आणखी दोन ठोके दिले, कान जवळ नेऊन बोटानं टिचकी मारली, मान हलवली. पखवाज उन्हातून काढून सावलीला सरकवला, हातोडी धोतरात खोवली.

"पुढच्या बारीला वादी बदलू," म्हणाला आणि निघाला.