न रडलेलं पिल्लू

टेबलावरचं पिल्लू इतकं केकाटत होतं की बाहेर लाकडी खोड्यात बांधलेली म्हैसही मान वळवून आत बघायला लागली.

"बाई, आधी याले पाहा," गिरजाअक्का म्हणाल्या. "पायटेपासून जीव खाऊन राह्यला आमचा."

"कुठून पडला?"

"धाब्यावरून. दोन्ही मस्ती करत व्हते. लोटालोटीत गेले खाली."

अनया, तू परवा फोनवर विचारलंस ना, "आजी, पिल्लू जिन्यावरून पडलं तर लगेच डॉक्टरकडे न्यायचं, की थांबून बघायचं?" मी तेव्हा थोडक्यात उत्तर दिलं. सविस्तर उत्तर हे आहे. तुझ्या भावाला, केदारलाही वाचून दाखव.

तेव्हा मी फैजपूरजवळच्या एका सरकारी जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होते. ऐंशीच्या दशकात आमच्या भागात बाई डॉक्टर म्हणजे नवलच, त्यातून ढोरांची. दवाखान्याच्या मागच्या भिंतीपासून केळीच्या बागा सुरू होत. खिडकीतून येणारा उजेड पानांतून गाळून यायचा. भिंती, कपाट, माणसांचे चेहरे, सगळ्यावर हलकी हिरवट छाया असायची. बागेत पाणी सोडलेलं असलं की पाटाचा आवाज दिवसभर कानात राहायचा. त्या खोलीत काम करताना कधी कधी वाटायचं, आपण तळ्याच्या तळाशी आहोत आणि माणसं वरून हळूहळू उतरत आपल्याकडे येताहेत.

गिरजाअक्का जवळच्या गावच्या. घरच्या म्हशी, केळीची बाग आणि भला मोठा आवाज. त्यांच्या घराला मातीचं सपाट छप्पर होतं. त्याला आमच्याकडे धाबं म्हणतात. उन्हाळ्यात घरातली सगळी माणसं, पोरं, कुत्री धाब्यावर झोपतात. पहाटे गार वारा सुटला की जाग आली तरी कुणी डोळे उघडत नाही. घरचे असेच अर्धवट झोपेत असताना पिल्लं खाली गेली होती.

मी पिल्लू तपासलं. पुढचा उजवा पाय मोडला होता. बाकी सगळं ठीक होतं. श्वास मोकळा, पोट मऊ, आवाज तर सगळ्या गावाला पुरेल एवढा. मी त्याला दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं आणि चिंधूभाऊंकडे सोपवलं. चिंधूभाऊ आमचे पट्टीबंधक, म्हणजे जखमा बांधणं, जनावर धरणं ही कामं करणारे कर्मचारी. त्यांनी बांबूच्या कामट्या आणि कापूस काढला.

"अक्का, दोन पडली म्हणालात. दुसरं कुठे आहे?"

"ते? त्याले काय झालं! ते चाऱ्यात पडलं. साधं कुंई नाही केलं. ते पाहा, सूनबाईजवळ झोपेल आहे."

तेव्हा मला दाराशी टेकून उभी असलेली मुलगी दिसली. गिरजाअक्कांची सून, मंदा. लग्न होऊन पाच-सहा महिने झाले होते. पदराच्या झोळीत तिनं एक भुरं पिल्लू घेतलं होतं आणि ती सावकाश डुलत होती. पिल्लाचे डोळे अर्धे मिटलेले. कुणालाही वाटावं, लहान मूल गाढ झोपलंय.

"हे तिच्या माहेरचं," अक्का म्हणाल्या. "साक्रीकडून आणलं. आमच्याकडे कुत्रे कमी व्हते जसे!"

चिंधूभाऊ हसले. मंदा हसली नाही.

मी जवळ जाऊन पिल्लाच्या कानाला हात लावला. कान गार होता. पंजा पाहिला. तोही गार. बाहेर ऊन असं की सायकलच्या सीटवर हात ठेववत नव्हता, आणि या पिल्लाचे पाय माठासारखे गार.

"मंदा, इकडे ये. उन्हात."

खिडकीतल्या हिरव्या उजेडात रंग नीट कळत नाहीत, म्हणून मी तिला पायरीवर नेलं आणि पिल्लाचा ओठ वर उचलला. निरोगी पिल्लाच्या हिरड्या गुलाबी असतात. बोटानं दाबलं की पांढऱ्या पडतात आणि बोट उचलताच गुलाबी होतात. याच्या हिरड्या आधीच पांढऱ्या होत्या. दाबल्या काय आणि न दाबल्या काय, सारखंच.

"हा कसा पडला, तू पाहिलंस?"

तिनं सासूकडे पाहिलं.

"अगं, तुला विचारतेय मी."

ती इतकं हळू बोलली की मला वाकावं लागलं. "गव्हाणना काठवर पोट आपटनं. मंग चारामा पडना."

म्हणजे चाऱ्यात पडण्याआधी गव्हाणीच्या दगडी काठावर त्याचं पोट आपटलं होतं. बाकीचे जागे होऊन खाली येईपर्यंत पिल्लू मऊ चाऱ्यावर होतं. त्यांनी तेवढंच पाहिलं.

मी स्टेथोस्कोप लावला. ठोके मोजता येणार नाहीत इतके जलद आणि बारीक. पोट थोडं ताठ. बारीक सुई पोटात घालून पाहिली, तर सिरिंजमध्ये रक्त आलं. आत कुठेतरी, बहुधा यकृताला किंवा प्लीहेला चीर गेली होती आणि पिल्लू स्वतःच्याच पोटात रक्त सांडत होतं. ते झोपलेलं नव्हतं. ते हळूहळू निघून चाललं होतं.

गिरजाअक्कांनी पिशवीतून तांब्या काढला. "हळद-दूध आणलं व्हतं. पाजू का दोघांले?"

"एक थेंबही नको."

"का बरं? गरम आहे."

"तो गुंगीत आहे. दूध श्वासनळीत जाईल. आणि ऑपरेशनची वेळ आली तर पोट रिकामं हवं."

आता निर्णय घ्यायचा होता. जळगावला मोठा दवाखाना होता. पण एस.टी.नं तिथवर जायचं म्हणजे या पिल्लासाठी फार लांबचा पल्ला. ते जिवंत पोचलं नसतं. इथे ऑपरेशनची सोय नव्हती. माझ्या हातात दोन गोष्टी होत्या. बाहेरून दाब देऊन आतला रक्तस्राव थांबतो का ते पाहायचं, आणि गेलेलं रक्त भरून काढायचं.

आम्ही पोटाभोवती रुंद पट्टी गुंडाळली. श्वास अडणार नाही इतपतच घट्ट. सलाइनच्या रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरून पिल्लाच्या दोन्ही बाजूंना ठेवलं. म्हैस घेऊन आलेला माणूस दारातून म्हणाला, "वैशाखात कुत्र्याले शेक! आता हे पाह्यचं राह्यलं व्हतं." त्याचं खरं होतं. आम्हाला सगळ्यांना घामाच्या धारा लागल्या होत्या.

पायातल्या शिरेत बारीक सुई बसवून सलाइन सुरू केलं. पण सलाइन म्हणजे शेवटी मीठपाणी. त्यानं शिरा भरतात, रक्त होत नाही.

"अक्का, तुमच्याकडे मोठं कुत्रं आहे ना? बागेवरचं?"

"जमादार? आहे ना. का?"

"त्याचं थोडं रक्त याला द्यायचंय."

त्यांनी पदर खोचला. "नाही जमायचं, बाई. घड कापणीला आले आहेत. रातच्याला डुकरं येतात बागेत. जमादार आजारी पडला तर कोण राखीन? तुमी?"

"त्याला काही होणार नाही. चहाच्या कपाहून कमी रक्त घेईन. संध्याकाळी भुंकायला तयार असेल."

"आणि या झोपेल पिल्लापायी? हे कालपरवा आलं. उद्या दुसरं भेटीन."

मी त्यांना दोष देत नाही. बाग हे त्यांचं वर्षाचं पोट होतं. मी आग्रह करू शकत होते, हुकूम नाही. कुत्रा त्यांचा होता.

तेवढ्यात अक्काच सुनेकडे वळल्या. "आणि तू गं? गव्हाणीवर आपटलं ते पायटेच का नाही सांगितलं? तोंडाले कुलूप व्हतं?"

मंदा पिल्लाच्या कानावरून बोट फिरवत होती. "मी बोलनू की बठ्ठा हासतस," ती म्हणाली.

मी बोलले की सगळे हसतात. एवढंच.

तुम्हाला सांगायला हवं. साक्रीची बोली आणि फैजपूरची बोली, दोन्ही खानदेशातल्याच, पण वेगवेगळ्या. तिच्या बोलण्यातला 'शे', म्हणजे 'आहे', ऐकला की या घरात हसू फुटायचं. दिरांना, शेजारणींना, सगळ्यांनाच. त्यात कुणाचा वाईट हेतू नसावा. पण पोरगी हळूहळू बोलायची बंद झाली होती, आणि आई-वडिलांच्या घरून आलेल्या या भुऱ्या पिल्लाशीच काय ती कुजबुजायची.

चिंधूभाऊ उगाच कापसाच्या घड्या करत बसले.

अक्का दारात गेल्या. बाहेर त्यांचा मुलगा प्रभाकर ट्रॅक्टरवर बसून होता.

"ए प्रभाकर! बसला काय मुंडी घालून? बागेत जाय. जमादारले घेऊन ये."

"आत्ता?"

"नाही, दिवाळीले! जाय म्हनते ना!"

बाग जवळच होती. जमादार ट्रॅक्टरवर उभा राहून आला, एखाद्या पुढाऱ्यासारखा. काळाकभिन्न, कान फाटका. मी त्याला तपासलं. ताप नाही, गोचीड नाहीत, हिरड्या लालबुंद. कुत्र्यांत पहिल्यांदा रक्त देताना रक्तगटाची अडचण बहुधा येत नाही, हे आमच्या कामाचं सुदैव. मोठ्या सिरिंजमध्ये रक्त गोठू न देणारं सायट्रेट नावाचं औषध घेतलं. जमादारचं तोंड पट्टीनं बांधलं.

"तो फक्त माह्यं ऐकतो," अक्का म्हणाल्या आणि खाली फरशीवर बसल्या. त्यांनी त्याचं डोकं मांडीवर दाबून धरलं. "हालू नको रे बाप्पा. पाव्हन्याले द्याचं आहे."

मी मानेच्या शिरेतून रक्त काढलं. मग टेबलाशी येऊन ते पिल्लाला अगदी सावकाश द्यायला लागले. इथे घाई करून चालत नाही. दांडा थोडा ढकलायचा, थांबायचं, छाती ऐकायची, पुन्हा ढकलायचा.

किती वेळ गेला, मी पाहिलं नाही. मला आठवतं ते एवढंच. हिरवा उजेड भिंतीवरून सरकत होता. मंदा टेबलावर हनुवटी टेकून पिल्लाच्या नाकाशी काहीतरी पुटपुटत होती. तिच्या गावचा डोंगर, नाला, कुणाकुणाच्या शेळ्या. आता कुणी हसत नव्हतं. फरशीवर अक्का जमादारला थोपटत बसल्या होत्या आणि तो त्यांच्या मांडीवर खरंच झोपला होता. मलाही वाटत होतं की आपण सगळेच कुणाच्या तरी स्वप्नात बसलो आहोत, आणि ते कुणाचं आहे हे पिल्लालाच ठाऊक.

"बाई, वाची का तो?" मंदानं विचारलं.

"अजून सांगता येत नाही."

मी त्याला पुन्हा दारात उन्हात धरलं. ओठ उचलला. हिरडीवर अगदी फिकट रंग होता, केळफुलाच्या आतल्या सालीवर असतो तसा. बोटानं दाबलं. पांढरं झालं. आणि सावकाश परत आलं.

दोन दिवस आम्ही त्याला दवाखान्यातच ठेवलं. पोट आणखी फुगलं नाही, म्हणजे आतली चीर आपोआप मिटली होती. दर वेळी असं होत नाही. बऱ्याच वेळा ऑपरेशनच लागतं, आणि पोट आणखी फुगलं असतं तर माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता. तिसऱ्या दिवशी पिल्लानं चिंधूभाऊंची चप्पल फाडली. मी केस पेपरवर 'डिस्चार्ज' लिहिलं.

न्यायला दोघी आल्या. अक्कांनी पिल्लू उचलून डोळ्यांसमोर धरलं. "आता याच्यात आमच्या जमादारचं रगत आहे. म्हंजे अर्धं आमचं झालं."

"बठ्ठं मनंच शे," मंदा म्हणाली. सगळं माझंच आहे, असं चांगलं मोठ्यानं.

"पाहा बाई, कशी बोलते! इतके दिवस मुकी समजत व्हतो आम्ही." अक्का हसल्या, पण या वेळी हसू त्या 'शे'ला नव्हतं. मंदाही हसली.

मोडक्या पायाचं पिल्लू चांगलं बरं झालं. भुरं पिल्लू मोठं होऊन अगदीच कुचकामी राखणदार निघालं. दिवसभर केळीच्या सावलीत लोळायचं. मात्र त्या घरात त्याला सुखानं झोपता आलं नाही. ते जरा डोळे मिटून पडलं की कुणीतरी जाऊन त्याचा ओठ उचलून बघायचं. मी एकदा म्हशीसाठी त्यांच्याकडे गेले होते, तेव्हा स्वतः गिरजाअक्का हेच करत होत्या आणि ते कंटाळून जांभई देत होतं.

एवढी काळजी करायची गरज नाही. पण पिल्लू उंचावरून पडलं, तर पहिला दिवस त्याला नुसतं झोपू देऊ नका. अधूनमधून उठवा. उठलं, शेपूट हलवली, पाणी प्यायलं, हिरड्या गुलाबी असल्या, तर घरी लक्ष ठेवलं तरी चालेल. उठवूनही नीट जागं होत नसेल, हिरड्या पांढऱ्या असतील, पाय गार पडले असतील, पोट फुगत असेल, श्वास धापा टाकल्यासारखा असेल, उलट्या होत असतील किंवा उभंच राहता येत नसेल, तर गूगल करत बसू नका. खायला-प्यायला काही देऊ नका. फळीवर किंवा जाड टॉवेलवर आडवं ठेवा आणि निघा. गाडीत एकानं त्याच्याजवळ बसायचं. डॉक्टरांना वाटेतून फोन करायचा. रडणाऱ्याकडे सगळे धावतात, त्याची मला काळजी नाही. न रडणाऱ्याचा ओठ उचलून बघायला कुणीतरी लागतं. तुमच्या घरी ते काम मी अनयाला देते, कारण केदार स्वतःच सकाळी उठत नाही.